जिभेकडची बाजू

आमच्या मावशीला घाण आवडते, असं आई म्हणते. नेमकं सांगायचं तर मेलेल्या माणसांच्या दातांवरची.

काका, म्हणजे मावशीचा नवरा, दातांचे डॉक्टर. घराखालीच त्यांचा दवाखाना. लोकांच्या दातांवर साचलेलं किटण खरवडून काढणं हा त्यांचा धंदा. आणि हजारो वर्षांपूर्वीच्या दातांवरचं तेच किटण जपणं ही मावशीची नोकरी, संग्रहालयाच्या तळघरात, हाडांच्या खोक्यांमध्ये. "मी कचऱ्यात टाकतो त्यावर हिचं संशोधन चालतं," असं काका पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत. मावशी हसत नसे.

माणूस गेला की मांस जातं, जीभ जाते, तिने बोललेलं सगळं जातं. किटण मात्र दगड होऊन राहतं. थुंकीतले रोगजंतू त्यात अडकलेले असतात.

मावशी कित्येक वर्षं एका बाईच्या मागे होती. तिला ती 'खोकलीबाई' म्हणे, कारण तिच्या बरगड्यांवर आतून क्षयासारख्या खुणा होत्या. ही बाई माणसाने गुरं पाळायच्याही आधीची. क्षय आपल्याला गुरांनी दिला, असं मावशीच्या साहेबांचं ठाम मत. खोकलीबाईच्या किटणात तो जंतू सापडला, तर गुरांवरचा आळ टळणार होता. पण नमुना काढायला परवानगी लागे, आणि दर अर्जाला साहेबांचं "पाहू" एवढंच उत्तर येई. शेवटी परवानगी आली. प्रयोगशाळेशी बोलायला मावशी परगावी गेली.

त्याच दिवशी तिचा विसरलेला चष्मा शोधायला काका संग्रहालयात गेले. तिथे प्रदर्शन विभागाच्या प्रमुखबाई खोकलीबाईला काचेच्या पेटीत मांडत होत्या.

"डॉक्टर, बरे भेटलात! दात बघा हिचे. शाळेतली मुलं येणार आहेत हो."

काकांना कुणी डॉक्टर म्हणालं की ते विरघळतात. दवाखान्यातून हत्यारं घेऊन आले.

मावशी परतली तेव्हा काका दारातच उभे होते, खूश. "तुझ्या बाईचे दात साफ केले. फुकट!"

मावशी काकांना एरवी 'अरे' म्हणते. "अहो," ती म्हणाली, "काय केलंत?"

काकांचा चेहरा उतरला. "किटण काढलं. आता कशी छान दिसते."

"काढलेलं कुठाय?"

"कापसावर घेतलं होतं. तिथे कचरा नको म्हणाल्या, म्हणून दवाखान्यातल्या डब्यात टाकलं."

मावशीने डब्याचं झाकण उघडलं. दिवसभराच्या पेशंटांचं रक्त, थुंकी, कापूस. तिने झाकण लावलं आणि पेशंटच्या खुर्चीत बसून राहिली.

"एवढं काय त्यात," काका म्हणाले. "पुढून तर केलं नुसतं."

मावशी ताडकन उठली. "पुढून?"

"मग काय."

"आतून नाही केलंस? जिभेकडून?"

"कोण बघणार होतं आतून?"

"अरे, किटण आतूनच जास्त साचतं म्हणून पेशंटांचं डोकं खातोस ना रोज?"

"पेशंट जिभेने चाचपून बघतो गं. तिला कुठे जीभ होती?"

हा माणूस दाराला एकाच बाजूने रंग देतो. पातेलं बाहेरून चकचकीत घासतो. मावशीचं अर्धं आयुष्य त्याच्यावर ओरडण्यात गेलं. ती चप्पल न घालताच निघाली. मागून काका, हातात तिच्या चपला.

पेटीत खोकलीबाई जाहिरातीतल्यासारखे दात दाखवत होती. मावशीने हातमोजे घातले, खालचा जबडा उचलून उलटा धरला. आतल्या बाजूला तपकिरी थर जागच्या जागी होता.

"म्हणजे मी जर नीट काम केलं असतं..." काका म्हणाले.

"गप्प बस. श्वाससुद्धा तिकडे घे."

पुढे अहवाल आला. जंतूचे अंश सापडले होते. एका बाईपुरता तरी गुरांवरचा आळ टळला. साहेब म्हणाले, "पाहू. अजून एखादा जबडा मिळतोय का बघा." मावशी पुन्हा अर्ज करायला बसली.

काका आता पाहुण्यांना सांगतात, शोध आम्ही दोघांनी मिळून लावला. मावशी अजूनही हसत नाही. परवा त्यांनी घासलेल्या पातेल्यात तिने आतून बोट फिरवलं आणि ओरडली. नेहमीपेक्षा जरा जास्तच.