पाहुणीच्या पेशी

तिचा जन्म याच शहरातला, सरकारी दवाखान्यातला. तरी प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी थोरल्याने विचारलं, "मूळची कुठली?" तिने आपल्या गल्लीचं नाव सांगितलं. "तसं नव्हे गं, मूळची?" आता याला काय सांगायचं, कपाळ? चेहरा निराळा, आडनाव निराळं, एवढ्यावरून पीएचडी करायला आलेली ही पोरगी तिथे 'पाहुणी' झाली ती झालीच. थोरला म्हणजे तिथला सर्वांत जुना विद्यार्थी, प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचा उजवा हात.

काम पेशी वाढवण्याचं. एका रुग्णाच्या पेशी, सगळ्यांनी वाटून घेतलेल्या. बाटलीत घालून उबेच्या कपाटात ठेवायच्या आणि तान्ह्या बाळासारखं वेळच्या वेळी त्यांचं खाणंपिणं बघायचं. कपाटाच्या तळाशी पाण्याचा ट्रे, आत ओलावा राहावा म्हणून. रुग्ण केव्हाच वारला होता आणि गोठवून ठेवलेला साठा फ्रीझर बंद पडला तेव्हा गेला होता. म्हणजे बाटल्यांत जिवंत होतं तेवढंच. त्या पेशी मेल्या की पाहुणीचा प्रबंध बुडाला.

आणि कपाटात बुरशी धरली.

सोमवारच्या बैठकीत थोरला म्हणाला, "नवीन हात आल्यापासून हे सुरू झालंय." नाव घेतलं नाही, शहाणा! सगळ्यांनी मात्र तिच्याकडेच पाहिलं. सर मऊ आवाजात म्हणाले, "स्वच्छतेच्या कल्पना घराघरांत वेगळ्या असतात. मी समजू शकतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, मी हात धुते की नाही हे यांना विचारा. रोज दारात उभे राहून बघतात. बाकी कुणाचे बघत नाहीत."

"आवाज कशाला चढवतेस?" सर म्हणाले. निकाल लागला. तिने आपल्या बाटल्या उचलून सामानाच्या खोलीतल्या जुन्या उबेच्या कपाटात न्यायच्या. तिथेही बुरशी आली, तर पेशींचं काम बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. "रडायचंय तर इथे रड, पोटभर रड. तिथे डोळा ओला दिसता कामा नये. आणि सोडून यायचा विचार असेल तर माझ्या दारात येऊ नकोस." पाहुणीला हसूच फुटलं. घरचीच हाकलायला निघाली, तर जायचं कुठे?

जुन्या कपाटाचं दार नीट लागत नव्हतं. तिने त्याला खुर्ची टेकवून ठेवली. आतून बाहेरून पुसून काढलं, ट्रे घासला, त्यात उकळून निर्जंतुक केलेलं पाणी भरलं आणि ते वेळच्या वेळी बदललं. येता-जाता लोक विचारत, "काय पाहुणी, कसं चाललंय?" ती म्हणायची, "मजेत. एकांत आहे, कुणी हात बघायला येत नाही."

तिच्या पेशी वाढल्या. अशा वाढल्या की बाटल्या पुरेनात. तिकडे मोठ्या कपाटात मात्र, पाहुणी नसताना, पुन्हा बुरशी. पुसलं, पुन्हा आली. एकेकाच्या बाटल्या फेकाव्या लागल्या, शेवटी थोरल्याच्याही. मग कुठे सर आणि थोरला सामानाच्या खोलीत आले. थोरल्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालेलं.

"अगं, सगळ्यांना एकेक बाटली देशील ना?" सर म्हणाले.

"देईन. आधी मोठ्या कपाटाचा ट्रे ओढून बघू."

ट्रे बाहेर आला तो बुरशीने माखलेला, बुळबुळीत. पाणी भरायचं काम थोरल्याचं. कोण उकळत बसणार, म्हणून हा पठ्ठ्या नळाखाली ट्रे धरून मोकळा होत होता. "नळाचं पाणी स्वच्छच असतं की!" तो पुटपुटला. बाकी सगळ्यांना एकदम खोकला आला.

सर म्हणाले, "गैरसमज झाला. झालं गेलं विसर, परत ये."

"गैरसमज नाही सर, आरोप झाला. बैठकीत झाला, सगळ्यांसमोर. खुलासाही तिथेच होऊ दे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तरी पेशी देईन. त्यांनी कुणाचं काय बिघडवलंय? पण मग बैठकीत मी बोलेन, आणि येताना ट्रे घेऊन येईन."

प्रबंधावर सही याच माणसाची लागणार होती. पण आवाज हलला नाही.

सोमवारी सर बोलले. टेबलाकडे बघत, चार वाक्यांत, पण बोलले. "चूक आमची होती. तिची नव्हती." थोरला नखं बघत बसला.

मग सगळी वरात सामानाच्या खोलीत. पाहुणीने हात धुतले, हातमोजे चढवले, खुर्ची सरकवली, कपाट उघडलं. सर घाईघाईने पुढे झाले आणि त्यांनी बाटलीकडे हात नेला.

"सर," पाहुणी म्हणाली, "आधी हात धुवा."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. आणि ते निमूटपणे बेसिनकडे वळले.

पाहुणी दारात उभी राहून बघत होती.