नवा सायलेन्सर

साखरेच्या आजाराने माझ्या वडिलांची, आप्पांची, नजर गेली त्याला आता चार वर्षं होतील. शेत वाट्याने दिलं, बाजारहाट माझी बायको बघते, आणि आप्पांकडे घरातलं एकच काम उरलं. संध्याकाळी माझ्यासाठी फाटक उघडायचं. मी नंदुरबारहून नोकरी करून रनाळ्याला परततो तो त्यांच्याच जुन्या मोटारसायकलवर. तिच्या सायलेन्सरला वेल्डिंगची तीन ठिगळं होती आणि आवाज असा फुटका, की गाडी मारुतीच्या पाराशी वळली की आप्पा ओट्यावरून उठायचे. भिंत चाचपत यायचे आणि मी पोचायच्या आत कडी काढून बाजूला उभे असायचे. एकदा बायको मदतीला धावली, तर तिच्यावर असे खेकसले की ती पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

मला मात्र त्या आवाजाची लाज वाटायची. ऑफिसात सगळे म्हणायचे, आली बघा पिठाची गिरणी. चौथं भोक पडलं आणि मी ठरवलं, आता पुरे.

या गाडीचा कंपनीचा सायलेन्सर मिळत नाही. मिस्तरीने बाजारातला दुसरा आणून ठेवला, चांगला चकाकणारा. मिस्तरी आप्पांच्या वेळेपासूनचा. आप्पा समोर स्टूल टाकून बसल्याशिवाय या गाडीचा एक नट कधी खोलला गेला नव्हता. इंजिनाकडचे गंजलेले नट सुटेनात, म्हणून त्याने त्यांवर डिझेल सोडलं आणि थांबला.

"आप्पास्ले इचारं का?" त्याने विचारलं.

"त्यास्ले कोठे दिखस आते?" मी म्हणालो.

नट सुटले तसा त्याने पाइप बसवला, नवं पॅकिंग टाकलं, क्लॅम्पचं भोक जुळेना तर कानशीने घासून जुळवलं. जुना घरी नेतो का म्हणून विचारलं. मी म्हटलं, टाका भंगारात. गाडी चालू केली तर काय भरदार, मऊ आवाज! वाटेत वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांवरून ठसका येत होता, तरी मी शीळ घालत गावात शिरलो.

फाटक बंद होतं. आप्पा ओट्यावर बसलेले, कान पाराकडे. मी हॉर्न दिला.

"कोन शे?" ते म्हणाले. "पोऱ्या आजून उना नई." त्यांच्या लेखी मी अजून आलोच नव्हतो.

मी उतरलो आणि कडी स्वतः काढली. चार वर्षांत पहिल्यांदाच. त्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, बरं केलं. रविवारी मी गाडी चालू करून त्यांना शेजारी बसवलं. ते टाकीवर तळवा ठेवून बराच वेळ ऐकत राहिले.

"आवाज चांगला शे," म्हणाले. "पन कोनाबी गाडीना वाटस."

दुसऱ्या दिवशी मिस्तरीकडे धावलो. भंगारवाला आदल्याच दिवशी येऊन गेला होता. मी स्वतःला काय काय शिव्या दिल्या ते इथे लिहीत नाही. मग पारापासूनच लांबलचक हॉर्न देऊ लागलो, पण हॉर्न काय, सगळ्यांचेच वाजतात. आप्पा बसूनच राहायचे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मी पाराशी वळलो तेव्हा माझ्या पुढे कुणाची तरी खटारा गाडी चालली होती, सायलेन्सर फुटलेली, अगदी आमच्यासारखी. घरासमोर पाहतो तर आप्पा उठून आले होते. फाटक सताड उघडं. गाडीला वाट मिळावी म्हणून ते अंग चोरून भिंतीला टेकून उभे होते. ती गाडी तशीच पुढे निघून गेली. ते फाटक धरून थांबले होते.

मी इंजिन बंद केलं, गाडी ढकलत आत आणली आणि म्हणालो, "आप्पा, मी उनू."

"तू?" त्यांनी रस्त्याकडे तोंड वळवलं. "मंग आते गया तो कोन व्हता?"

मी गाडी ओट्याशी लावली. त्यांनी रस्त्याकडे एकदा कान दिला आणि मग फाटक लावून घेतलं.