इथलंच विरजण

दूध नासलं की काय म्हणून बायका हुंगून बघतात, तशा ठकूमावशी माती हुंगायच्या. मी माती तपासणारा माणूस. पहिल्याच भेटीत त्यांच्यावर रागावलो, कारण ती माती विषारी होती. डोंगरकड्याजवळच्या त्यांच्या रानात पूर्वी कीटकनाशक पावडरीचं गोदाम होतं. ते पडलं, पोती कुजली, पावडर जमिनीत मुरली. त्या तुकड्यावर मावशींची मेंढरंही बसत नसत. मुलगा नामदेव तिथे हळद लावू म्हणायचा, मावशी लावू देत नव्हत्या.

"आपुन खात न्हाई, ते दुसऱ्याच्या लेकराला काहून घालावं?"

मरायच्या आधी तुकडा निर्मळ करायचा, हा त्यांचा हट्ट होता.

विष पचवणारे जिवाणू मी प्रयोगशाळेतून कॅनमध्ये भरून मोठ्या ऐटीत नेले. जिवाणू म्हणजे काय, हे समजावताना माझा घाम निघाला. मावशींनी 'म्हंजी विरजण' म्हणून एका शब्दात मिटवलं. वर्षाने तपासलं, तर विष होतं तिथेच. माझे जिवाणू त्या जमिनीत तगलेच नव्हते. मी तोंड पाडून बसलो.

"परगावचं विरजण आणलं तुमी," मावशी म्हणाल्या. "हितं ऱ्हाऊन ज्यानं हे जहर पचवलं, त्याचं लावा की."

तुकड्याच्या कडेला हराळीचा एकच ठोंब हिरवा होता. त्याकडे त्यांनी बोट केलं.

त्या ठोंबाखाली खरंच पावडरीवर जगणारे जिवाणू सापडले. तेच वाढवले, शेणकाल्यात कालवून पसरले, जमीन ओली ठेवली. तीन वर्षांनी वरच्या मातीचा अहवाल निर्दोष आला आणि मी पेढे घेऊन गेलो. मावशींनी हातभर खड्डा खणून तळची माती हुंगली.

"अजून न्हाई. साय बगून तळाचं कळतंय व्हय?"

मला राग आला. तिरीमिरीत तळची माती तपासली, तर तिच्यात विष निघालं. पेढे मी एकट्यानेच संपवले आणि पुन्हा कामाला लागलो.

यंदाच्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. महिन्याभराने नामदेव तळची माती रुमालात बांधून माझ्याकडे आला. नवा अहवाल टेबलावरच होता, विष कुठेच उरलं नव्हतं. मी तो पुढे केला. त्याने हात लावला नाही.

"मायचं नाक तर गेलं," तो म्हणाला. "आता तुमी हुंगा."

आयुष्यभर लोकांना जे करू नका म्हणून सांगितलं, ते मी केलं. मातीला नुसता मातीचा वास होता.

"पेर," मी म्हणालो. हा शब्द मला मावशींच्या तोंडून ऐकायचा होता.