नऊ जणांचं काम

मरोळच्या एका कंपनीत मी महिनाभर माहिती भरायला होतो. तिथे एकच भलामोठा कॉम्प्युटर होता आणि त्याचे दोन भाग करून त्यावर दोन वेगळी कामं चालत. आम्ही सगळे आपापल्या टेबलावरच्या स्क्रीन-कीबोर्डवरून त्यालाच जोडलेले असायचो. तो चालू-बंद करायला एक बाई होत्या. एसीच्या गारठ्यात स्वेटरवर पदर खोचून बसायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

एका दुपारी एसी बिघडला आणि मशीन तापू लागलं. साहेबांनी थेट मेन स्विचला हात घातला. बाई मध्ये उभ्या राहिल्या.

"एका भागावर कोणी नाही, तो आधी बंद करते. दुसऱ्यावर नऊ जण आहेत, साहेब. त्यांचं सकाळपासूनचं काम जाईल."

"माझी ऑर्डर आहे, सगळं आत्ता बंद करा. मशीन जळलं तर?"

"तर मी जबाबदार."

रिकामा भाग त्यांनी बंद केला. मग एकेका टेबलाशी जाऊन काम सेव्ह करायला सांगितलं. माझी बोटं चुकत होती.

"सावकाश कर," त्या म्हणाल्या. "तुझं झाल्याशिवाय मी बंद करत नाही."

सगळ्यांचं झाल्यावरच त्यांनी दुसरा भाग थांबवला. मशीनला काही झालं नाही.

संध्याकाळी त्या साहेबांच्या केबिनमधून बाहेर आल्या. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"ऑर्डर मोडली, म्हणून लेखी खुलासा मागितलाय." त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं. "देते लिहून. पुन्हा असं झालं, तरी असंच करीन."