दोन आम्लांचा एक खडा

"हालवूं नको. बसूं दे त्यांना," असं म्हणत अक्का प्रयोगशाळेच्या दारातच चपला काढायच्या. भांड्यांजवळ कुणी पाय आपटत चाललेलं त्यांना खपायचं नाही. कुंभकोणमच्या कॉलेजात अक्का आणि मी रसायन शिकवायचो, दोघांच्या घरी तंजावरी मराठी. बाहेर तमिळ, दार लागलं की आपली भाषा.

एखाद्या गोष्टीचा ध्यास घेतलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. अक्का दोन अमिनो आम्लं पाण्यात विरघळवायच्या, भांड्यावर टाचणीनं टोचलेला कागद बांधायच्या आणि पाणी सावकाश उडू द्यायच्या. दोन्ही मिळून एक स्फटिक झाला, की क्ष-किरणांनी त्याची आतली रचना कळते, कोण कुणाला कुठे धरून आहे ते दिसतं. पण दर वेळी एकच आम्ल खाली बसायचं. मी वैतागायचो. त्या भांडं धुऊन म्हणायच्या, "परत बसवूं."

कॉलेजसमोरचा रस्ता खणायला घेतला आणि हादरे बसायला लागले, तेव्हा त्यांनी भांडं घरी, देवघराच्या कोनाड्यात नेलं. देवांना पोटभाडेकरू आला, असं त्यांचे यजमान सगळ्यांना सांगत सुटले.

सरस्वतीपूजेच्या संध्याकाळी तळाशी लांबट, नितळ खडा दिसला. पाणी जेमतेम उरलं होतं, खडा तेव्हाच काढायला हवा होता. पण भांड्याला गंधकुंकू लागलं होतं, आणि पूजेला मांडलेल्या वस्तूला सकाळपर्यंत हात लावत नाहीत. मी हुज्जत घातली.

"आज अस्कं पूजेंत आहे," त्या म्हणाल्या. अस्कं म्हणजे सगळं. "उद्यां."

सकाळी पाणी आटून खड्यावर पांढरा थर चढला होता. खडा वाया गेला. अक्कांनी भांडं धुतलं आणि परत बसवलं.

मार्गळी महिन्याच्या गारठ्यात एका दुपारी त्या झोपेतच गेल्या. सुतक म्हणून घरातलं कुणी देवघराकडे फिरकलं नाही. इतकी शांतता त्या भांड्याला कधी मिळाली नव्हती. सुतक फिटल्यावर मी कोनाड्यात पाहिलं, तर थोड्या पाण्यात स्वच्छ खडा बसलेला. तो मी तपासायला पाठवला.

उत्तर आलं. दोन्ही आम्लं होती, एकाच खड्यात, एकमेकांना धरून. मला आनंद व्हायला हवा होता, निदान रडू तरी यायला हवं होतं. काहीच झालं नाही. अजूनही होत नाही.

रचनेचं चित्र घेऊन मी यजमानांकडे गेलो. त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे.

"आम्हीं कोणीं हालवलं नाहीं," ते म्हणाले.