देवीच्या वाट्याचं फूल

आई आज सकाळी गेली. धाकट्या बहिणीला आपणच मारलं, असं समजतच गेली.

सगळे म्हणतायत, नव्वदी गाठली, सोनं झालं.
कसलं सोनं.

स्वातंत्र्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. आई आठ वर्षांची, सोनीमावशी चारची. घर कुसगावात. आजोबा लोणावळ्याला एका बंगल्यावर माळी.

बंगल्यातल्या मुलांना नकोसं झालेलं फुलांचं एक छोटं पुस्तक आजोबांनी घरी आणलं. इंग्रजी. वाचता कुणालाच येत नव्हतं, पण पानोपानी रंगीत बाग. दोघींना दुसरं खेळणं नव्हतं.

मग सोनीला देवी आल्या.

देवी म्हणजे स्मॉलपॉक्स. पण तेव्हा घरात साक्षात देवीच आली असं मानायचे. तिच्यापुढे रोज एक फूल वाहायचं. आजोबांना बंगल्यावरून "येऊ नकोस" असा निरोप आलेला. आणि देवी आलेल्या घरातल्या माणसाने कुणाच्या दारात जायचं नाही. फूल आणणार कुठून?

आईने आजोबांची कात्री घेतली आणि पुस्तकातली फुलं कापायला लागली.

रोज एक. निवडायची सोनी, अंथरुणावरून.

"आज कंचं देऊ?"
"पिवळं."

नवव्या दिवशी सोनीने एक निळं फूल दाखवलं आणि आईचा हात धरला.
"ह्ये देवीला न्हाई. ह्ये मला."

आईने दिलं. पुस्तकात तेवढं एकच फूल उरलं होतं. त्या दिवशी देवीपुढे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनी गेली. तिची मूठ उघडून आजीने कागद बघितला.
"देवीचं हिला का दिलंस गं?"

एकदाच म्हणाली. आईला तेवढं जन्माला पुरलं.

मी पस्तीस वर्षं नर्स होते. मावळातल्या वाड्यावस्त्यांवर पोरांना लसी टोचत फिरले. आईला शंभरदा सांगितलं, "मावशीला टोचलं नव्हतं, म्हणून गेली. तुझा काही संबंध नाही."

ती "व्हय" म्हणायची. आणि माझ्या मुलीला कुणी फुलांचं चित्रपुस्तक गिफ्ट दिलं की गुपचूप शेजारी देऊन यायची. माझं सगळं सायन्स तिथे पालथ्या घड्यावर पाणी.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी शेवटी चिडले.
"अगं, जाताना तिला हवं ते मिळालं ना? तू दिलंस म्हणून मिळालं."

आई छताकडे बघत म्हणाली,
"ती मागत व्हती. मी दिलं. लहान व्हते, येवढंच कळत व्हतं."

मला वाटलं, सुटली.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता सोनी तितं भेटल. तिला काय सांगू गं?"

इतक्या आयांची समजूत काढली मी. माझ्या आईला द्यायला उत्तर नव्हतं.

अजूनही नाही, आई.
तशीच जा. नमस्कार करते.