दोन सुताची फट

मागच्या वर्षी मे महिन्यात माझे बाबा सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात खिडक्यांच्या आतल्या लाकडी झडपा दुरुस्त करायला जात होते. माझी परीक्षा संपली होती, म्हणून मीही सोबत जायचे. मदतीला जायचे असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे तिथे पंखा होता आणि आमच्या टिनाच्या खोलीत दुपारी बसवत नव्हतं.

बाबा सुतारकाम करतात. आमच्या घरात हा धंदा पिढीजात नाही. लकडगंजला आरा मशीनवर ओंडके उचलता उचलता ते शिकले. आता ते एका ठेकेदाराकडे प्लायवूडची कपाटं जोडतात. दिवसभर स्क्रू पिळायचे आणि सनमायका चिकटवायचा. म्हणून बंगल्याचं हे काम त्यांना फार हवं होतं. आधी खालच्या चार खिडक्या, आणि त्या पसंत पडल्या तर वरच्या मजल्याच्या अकरा. सागवानाचं, स्वतःच्या हाताचं काम. सकाळी डबा भरताना ते आईला दोनदा तरी सांगायचे, "वरच्या अकरा भेटल्या म्हणजे झालं."

झडपा झिलमिलीच्या होत्या. आडव्या पट्ट्या आणि मधोमध उभी दांडी. दांडी खाली ओढली की पट्ट्या मिटतात. रंगाचे थर बसून त्या गच्च झाल्या होत्या, खालची लाकडं वाळवीने पोखरली होती. बाबांनी रंग खरवडला, कुजलेला भाग कापून नवं सागवान जोडलं, तुटलेल्या पट्ट्या नव्या केल्या. चौथ्या दिवशी पहिली झडप जागेवर चढली. दांडी एका बोटाने हलत होती.

फक्त झडप आणि चौकट यांच्यामध्ये दोन सुताची फट होती. म्हणजे साधारण पाव इंच. त्यातून उन्हाची रेघ थेट पलंगावर पडत होती.

बंगल्याच्या मालकीणबाई निवृत्त प्राध्यापिका होत्या. मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून माझ्याशी कौतुकाने बोलायच्या. त्या रेघेकडे बघत म्हणाल्या, "मिस्त्री, दुपारी मी इथेच पडते हो. हे ऊन डोळ्यावर येणार."

"थोडी जागा ठेवा लागते मॅडम," बाबा म्हणाले.

कॉलेजच्या कार्यशाळेत मी लाकडाचा एक सांधा केला होता. सरांनी तो उजेडाकडे धरून सगळ्या वर्गाला दाखवला होता, कुठेही फट नाही म्हणून. तेच माझ्या डोक्यात असावं. मी टेप लावला आणि कॉलेजातली मराठी काढून म्हणाले, "बाबा, माप चुकलंय. कडेला पट्टी लावली तर अगदी बरोबर बसेल."

बाई हसल्या. "बघा मिस्त्री, मुलगी शिकली. आता तिचं ऐकायचं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग म्हणाले, "लावतो पट्टी."

चारही खिडक्यांना पट्ट्या लागल्या. खोलीत अंधार झाला. बाई खूश झाल्या. वरचं काम पाऊस संपल्यावर सुरू करू म्हणाल्या.

जुलैच्या शेवटी त्यांचा फोन आला. आम्ही गेलो तर झडपा चौकटीत आवळून बसल्या होत्या. पावसाळी हवेने लाकूड फुगलं होतं आणि फुगायला जागाच नव्हती. कोणीतरी जोर करून ओढल्यामुळे एकीची दांडी निघाली होती, दुसरीची चौकट चिरली होती. ती जुनी चौकट वाळवीलाही पुरून उरली होती.

"एवढी शिकलेली मुलगी सांगत होती, नीट माप घ्या म्हणून," बाई बाबांना म्हणाल्या. "पण तुम्ही लोक ऐकत नाही. वरचं राहू द्या आता."

मी तिथेच उभी होते. त्यांना सगळं उलटं आठवत होतं. आता बोलायचं, असं मी मनात म्हणत होते.

बाबा म्हणाले, "माह्याच हातून चुकलं मॅडम."

आणि मी बोलले नाही.

परतताना स्कूटीवर मी विचारलं, "तुमाले माहीत होतं ना बाबा, लाकूड फुगन म्हणून? मग तवाच काहून नाही सांगतलं?"

"मले वाटलं, तुमच्या पुस्तकात काही नवीन निघालं असंन."

"आणि आज काहून नाही सांगतलं?"

बाबांनी अवजारांची पिशवी सावरली. मग म्हणाले, "बाई तुले हुशार समजते. समजू दे. माह्यं काय, मले ठेकेदार हायेच."

एक गोष्ट मी कोणापुढे बोलले नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्या शिक्षणाने घराचं काय काय होणार हे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्या शिक्षणाने त्यांना स्वतःच्या हातावर शंका घ्यायला लावली, ती मात्र ते मोजत नाहीत.

दिवाळीनंतर मी एकटी बंगल्यावर गेले. बाईंना सरळ सांगितलं की पट्ट्या मी लावायला लावल्या, बाबांनी जागा बरोबर ठेवली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"वडिलांना पाठीशी घालतेस. चांगले संस्कार आहेत गं तुझ्यावर."

मी पुन्हा सांगितलं. त्या पुन्हा हसल्या. मी चुकू शकते हे त्यांनी एक वेळ मानलं असतं, पण मी चूक आणि बाबा बरोबर, हे त्यांना पटत नव्हतं. वर नवा मिस्त्री अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवत होता. काढलेल्या झिलमिली जिन्याखाली रचून ठेवल्या होत्या.

"जाताना थोड्या घेऊन जा," बाई म्हणाल्या. "सरपणाला होतील."

मी नको म्हणाले. घरी यातलं काही सांगितलं नाही. बाबांना वाटतं, मी मैत्रिणीकडे गेले होते.